सोमवारच्या नऊ नळ्या

सुमेधा खासनीस हिने जीवशास्त्र घेतलं ते गणिताला घाबरून, असं डॉ. निगुडकर लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हसत हसत सांगत. पाहुणेही हसत. सुमेधाला इंटरला गणितात शंभरापैकी एक्याण्णव होते. पण हे सांगायची वेळ तिच्यावर कुणी आणली नाही आणि आपण होऊन सांगण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ती मान खाली घालून नळ्या भरत राही. आतून मात्र तिचे कान तापत.

साल होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर. चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत ‘आरोग्यदीप’ नावाचा औषधांचा कारखाना होता. निगुडकर तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख. विद्यापीठाने त्यांना मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली होती. त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काम करायचं, प्रबंध लिहायचा आणि त्यावर त्यांची सही झाली की एम.एस्सी. सही झाली नाही तर दोन वर्षं पाण्यात. सुमेधाचे वडील प्रभाकरपंत नगरपालिकेत हेडक्लार्क होते. सहीचं मोल त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते रोज सकाळी मुलीला बजावत, “सुमे, साहेबांच्या शब्दाबाहेर जायचं नाही.”

काम मातीचं होतं. चाकणच्या कांद्याच्या वावरातली माती, देहूची नदीकाठची, तळवड्याच्या गायरानातली, काळेवाडीच्या ओढ्यालगतची. त्या मातीतून जंतू वेगळे करायचे आणि त्यांत औषध देणारा एखादा नवा निघतो का पाहायचं. सुमेधाने असे चौऱ्याऐंशी नमुने जमवले होते. प्रत्येकावर पन्नास चाचण्या. हा जंतू ही साखर खातो का, तो रंग सोडतो का, इतक्या उष्णतेला तगतो का. उत्तर ‘हो’ असेल तर वहीत एक, ‘नाही’ असेल तर शून्य.

एवढं झाल्यावर त्यांची कुळं लावायची. निगुडकरांची कुळं लावायची रीत म्हणजे जंतू वाढवलेली बशी उजेडात धरायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, “हा त्यातला, हा ह्यातला.” सुमेधाने एका परदेशी मासिकात दुसरी रीत वाचली होती. प्रत्येक नमुना दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा, पन्नासांपैकी किती उत्तरं जुळतात ते मोजायचं आणि ज्यांची जास्तीत जास्त जुळतात त्यांना एका कुळात घालायचं. त्यात डोळे बारीक करण्याची गरज नाही. पण चौऱ्याऐंशी नमुन्यांच्या जोड्या होतात तीन हजार चारशे शहाऐंशी. तिने हाताने दहा जोड्या केल्या, त्यात एक दुपार गेली. हे यंत्राचंच काम होतं.

तिने तसं निगुडकरांना सांगितलं. ते म्हणाले, “कॉम्प्युटर? तुला काय कामगारांचा पगार काढायचाय?” मग दाराशी उभ्या असलेल्या दोघांकडे बघून, “जंतूंना आता हजेरीकार्ड देऊ या.” शेवटी परवानगी मिळाली ती अशी, “तुझ्या सुट्टीच्या दिवशी, तुझ्या बसभाड्याने.”

सुट्टीचा दिवस म्हणजे गुरुवार. वीज वाटून देता यावी म्हणून त्या वर्षी कारखान्याची सुट्टी रविवारची गुरुवारी आणली होती. जवळच्या एका इंजिनांच्या कारखान्यालाही गुरुवारचीच सुट्टी असे. पण तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीतली हवा थंड ठेवावी लागे, म्हणून एक ऑपरेटर येऊन बसायचा. त्याचं नाव नंदकिशोर. प्रभाकरपंतांच्या ओळखीने तिला तिथे शिकायची मुभा मिळाली. हातात डबा आणि वही घेऊन ती पहिल्या गुरुवारी तिथे गेली, तेव्हा नंदकिशोर खुर्चीत पाय वर घेऊन शेंगा खात बसला होता.

“जीवशास्त्रवाल्या?” तो म्हणाला. “आम्ही ऐकलं होतं, जीवशास्त्रवाले बेडूक घेऊन येतात.”

“बेडूक घरी ठेवलाय,” सुमेधा म्हणाली. “त्याला थंडी सोसत नाही.”

नंदकिशोरने पाय खाली घेतले. तिथपासून शिकवणं सुरू झालं.

शिकवायला त्याच्याकडे एक जुनी इंग्रजी पुस्तिका होती आणि पाच वर्षांची सवय. फोर्ट्रान भाषेतली एक ओळ म्हणजे एक कार्ड. कार्डाला ऐंशी रकाने, त्यांत यंत्राने भोकं पाडायची. एक स्वल्पविराम चुकला की अख्खा गठ्ठा परत. पहिले चार गुरुवार सुमेधाला नुसती चुकांची यादी छापून मिळत होती. पाचव्या गुरुवारी हातातला कार्डांचा गठ्ठा फरशीवर पडला. ती गुडघे टेकून गोळा करू लागली तर हा म्हणतो, “खासनीसबाई, तुमचे जंतू सांडले. पाय पुसून बाहेर जा, नाहीतर आमच्या कामगारांना लागण व्हायची.” तिने त्या दिवशी प्रत्येक कार्डावर शिसपेन्सिलीने क्रमांक घातला. पुढे नंदकिशोरही आपल्या कार्डांवर तसे क्रमांक घालू लागला. कुणाकडून शिकलो ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही.

सहा महिन्यांत तिला यंत्र कळू लागलं. जोड्या लावणारा कॉम्प्युटरचा कार्यक्रम तिने स्वतः लिहिला. रसायनवाल्यांनी नाही, इंजिनियरांनी नाही. बस बदलून येणाऱ्या, डब्यात पोळी-भाजी आणणाऱ्या जीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने लिहिला. निगुडकरांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

एक अडचण होती. साखरेच्या चौदा चाचण्यांचा रंग बरोबर तिसऱ्या दिवशी पाहावा लागे. चौथ्या दिवशी रंग परतायचा आणि उत्तर कळेनासं व्हायचं. सोमवारी भरलेल्या नळ्या गुरुवारी पाहायच्या, आणि गुरुवारी लॅबला कुलूप. सुट्टी रविवारी होती तेव्हाचं वेळापत्रक भिंतीवर तसंच लटकत होतं. सुमेधाने निगुडकरांना लेखी विनंती केली की गुरुवारी सकाळी तासभर किल्ली द्यावी, तेवढं पाहून ती पुढे जाईल, नाहीतर सोमवारी नळ्या भरणं तरी बंद करावं. निगुडकरांनी कागद वाचून परत दिला. “एका मुलीसाठी सुट्टीच्या दिवशी लॅब उघडत नसतात. आणि वेळापत्रक मी आखलंय.” मग सोमवारच्या नळ्यांपुढचे ते चौदा रकाने वहीत मोकळे राहिले. लॅबची जुनी शिस्त तीच होती. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

कार्डांवरही तिने ते रकाने मोकळेच ठेवले.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत तीन हजार चारशे शहाऐंशी जोड्यांचा कागद यंत्रातून घडी घडी बाहेर आला. बरीचशी कुळं अपेक्षेप्रमाणे होती. एक मात्र चमत्कारिक होतं. नऊ नमुने एकमेकांना असे काही चिकटले होते की जणू एका आईची लेकरं. आणि ती कुठली? दोन चाकणची, तीन देहूची, बाकीची तळवडे, काळेवाडी. डोळ्यांना त्यांच्यात काहीच साम्य दिसत नव्हतं.

हा कागद पाहून निगुडकरांचा सूर बदलला. दाराशी उभी ठेवून नाही, खुर्ची देऊन बोलले. “डोळ्यांना दिसत नाही तेच तर यंत्र दाखवतं,” ते म्हणाले. हेच गृहस्थ वर्षभर हजेरीकार्डाचा विनोद सांगत होते. आठवड्याभरात ठरलं की ही जंतूंची नवी जात आहे. तिला कारखान्याच्या मालकांच्या कैलासवासी वडिलांचं नाव द्यायचं. मे महिन्यात हैदराबादला परिषद होती, तिथे निबंध वाचायचा. मालक खूश झाले. नव्या लॅबच्या इमारतीचा नकाशा टेबलावर आला. पेढे वाटले गेले. निबंधावर लेखक म्हणून एकच नाव होतं, निगुडकरांचं. तळाशी बारीक अक्षरात, ‘गणनेच्या मदतीबद्दल कु. खासनीस यांचे आभार.’

सुमेधाने पेढा खाल्ला. तिला वाटलं, आभार तर आभार, आता सही होईल.

कोंडीरामने तो आनंद आठ दिवस टिकू दिला नाही. कोंडीराम तळवड्याचा. त्याची जमीन वसाहतीत गेली तेव्हा बदल्यात त्याला ही नळ्या धुण्याची नोकरी मिळाली होती. पन्नाशीचा माणूस, इंग्रजी आकडे तेवढे वाचता येत. नव्या जातीच्या नऊ नळ्या वेगळ्या काढून ठेव म्हणून सुमेधाने त्याला क्रमांकांची चिठ्ठी दिली. त्याने ती लांब धरून वाचली आणि रॅककडे न जाता तिच्याकडेच आला.

“ताई, ह्या समद्या सोमवारच्या हायेत.”

“कशावरून?”

“रॅकला लाल दोरा मीच बांधतो न्हवं. सोमवारचा लाल, मंगळवारचा पांढरा. ह्या नऊच्या नऊ लाल दोऱ्याच्या. गुरुवारी बघायच्या असत्यात त्या. गुरुवारी हितं कोन हाय बघाया? कुत्रं बी न्हाई.” मग तो हसला. “आन् ह्येंचं बारसं झालं म्हनं. पेढं बी खाल्लं आमी.”

तिने वही काढली, कार्डं काढली. नऊ नमुने, प्रत्येकाचे तेच चौदा रकाने मोकळे. यंत्राने मोकळ्या रकान्याचं काय केलं असेल?

गुरुवारपर्यंत थांबणं तिला अशक्य झालं. ती दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून इंजिनांच्या कारखान्यात गेली. नंदकिशोर पगाराच्या गडबडीत होता.

“मोकळा रकाना यंत्र काय धरतं?”

“शून्य,” तो म्हणाला. “पगारात तेच लागतं ना. ओव्हरटाइम नसेल तर रकाना मोकळा सोडायचा. मोकळा म्हणजे शून्य. कोण सगळीकडे शून्य मारत बसणार?”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“त्यात सांगायचं काय? सगळ्यांना माहीत असतं.”

“सगळ्यांना म्हणजे पगार काढणाऱ्यांना,” सुमेधा म्हणाली. “आमच्याकडे मोकळा म्हणजे पाहिलं नाही.”

नंदकिशोरने हातातला पगाराचा गठ्ठा बाजूला ठेवला. सहा महिने हा माणूस तिला शिकवत होता. मोकळ्या रकान्यांची कार्डं त्याने स्वतःच्या हाताने यंत्रात घातली होती. एकदाही त्याच्या मनात आलं नाही की ही मुलगी पगार काढत नाहीये. त्याने सांगायला हवं होतं. चूक सुमेधाच्या नावावर लागली, पण त्यातली अर्धी त्याची होती, आणि उरलेल्या अर्ध्यातला मोठा वाटा किल्ली न देणाऱ्याचा. न पाहिलेल्या चौदा गोष्टी ‘नाही’ म्हणून मोजल्या गेल्या आणि नऊ परके जंतू त्या चौदा शून्यांपायी भाऊ ठरले.

ती निगुडकरांकडे गेली. वही, कार्डं, कागद सगळं टेबलावर मांडून तिने शांतपणे सांगितलं. “चूक माझी आहे, सर. निबंध मागे घ्यायला हवा.”

निगुडकरांनी मधे एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, “यंत्र चुकत नाही असं तूच म्हणायचीस.”

“यंत्र चुकलं नाही. मी चुकीचं विचारलं.”

“हे बघ. निबंध छापायला गेलाय. मालकांच्या आईंना कळवलंय. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.” त्यांनी वही मिटून तिच्याकडे सरकवली. “चौदा चाचण्या नसल्या तरी छत्तीस आहेत. नऊ एकत्र येतीलही.”

“येतील की नाही ते पाहता येईल. वेळापत्रकाने या नळ्या सोमवारीच भरता येतात, म्हणून मला दोन गुरुवार किल्ली द्या.”

“किल्लीचं तुला एकदा सांगितलंय.” आणि मग, अगदी मऊ आवाजात, “तुझा प्रबंध माझ्या कपाटात आहे. जूनमध्ये सही करीन म्हणतो. तू काय म्हणतेस?”

म्हणजे खोट्यावर गप्प बस, मग खऱ्यावर सही करतो. शिकलेली, पांढऱ्या कोटातली, परदेश पाहून आलेली माणसं ही भाषा बोलतात तेव्हा तिला सभ्य शब्द असतात. बाजारात हीच गोष्ट कुणी केली तर लोक त्याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

किल्ली मिळाली नाही. कोंडीरामने मात्र दार उघडलं. महिन्यातून दोन गुरुवार इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायची उबदार कपाटं, पुसायला त्याला एकट्याला यावं लागे आणि त्या दिवशी किल्ली त्याच्याकडे असे. “तुमची नोकरी जाईल,” सुमेधा म्हणाली. “जमीन गेली तवा मेलो न्हाई,” तो म्हणाला, “या ताई. फकस्त चपला हातात घ्या, वॉचमन येडा हाय पर बहिरा न्हाई.”

तिने सोमवारी नऊ नमुन्यांच्या साखरेच्या नळ्या नव्याने भरल्या आणि गुरुवारी पाहिल्या. पुढच्या पाळीला पुन्हा भरल्या, पुन्हा पाहिल्या. काही पिवळ्याधमक, काही जशाच्या तशा. पुन्हा कार्डं पाडली, या वेळी एकही रकाना मोकळा न ठेवता. नंदकिशोर शेजारी उभा राहून एकेक कार्ड तपासत होता. कागद बाहेर आला. नऊ जणांची पांगापांग झाली होती. चार वेगवेगळ्या जुन्या, माहीत असलेल्या कुळांत ते जाऊन बसले होते. नवी जात कुठेच नव्हती.

तो कागद निगुडकरांनी पाहिलाही नाही. लॅब कुणी उघडली, एवढंच विचारलं. सुमेधाने सांगितलं नाही. कोंडीरामने स्वतःच जाऊन सांगितलं आणि त्याची बदली बाहेर बाटल्यांच्या गोदामात झाली.

मे महिन्यात हैदराबादला निबंध वाचला गेला. परिषदेच्या चिटणीसांना सुमेधाने पत्र लिहिलं, सोबत नवा तक्ता. उत्तर आलं की दुरुस्ती लेखकाच्या सहीनेच स्वीकारता येते आणि आपण लेखक नाही. चूक करताना ती गणना करणारी होती. दुरुस्त करताना ती कुणीच नव्हती.

घरी प्रभाकरपंत चिडले. “तुला कुणी विचारलंय का? जंतू आहेत ते, माणसं नाहीत. एक सही घे आणि मोकळी हो.”

“बाबा, नगरपालिकेच्या दाखल्यावर तुम्ही न पाहिलेलं लिहिता का?”

“तिथे मला पेन्शन आहे,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मात्र त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला. परिषदेला आलेल्यांची छापील यादी निगुडकरांच्या टेबलावरून सगळ्या विभागांत फिरली होती, सुमेधाकडे एक होती. एकशे बारा नावं. कार्डावर पाच ओळी. परिषदेच्या ग्रंथातल्या अमुक पानावरच्या नऊ नमुन्यांच्या चौदा चाचण्या केलेल्याच नव्हत्या, त्या नकारार्थी धरल्या गेल्या, ही चूक माझी, खरा निकाल असा. खाली तिचं पूर्ण नाव. उघडी कार्डंच का, असं प्रभाकरपंतांनी विचारलं. ती म्हणाली, वाटेत पोस्टमनने वाचलं तरी चालेल. पत्ते त्यांनी लिहून दिले, सरकारी वळणदार अक्षरात.

एकशे बारांपैकी उत्तरं आली चार. त्यांतलं एक, आमच्या अंतर्गत भांडणात आम्हाला ओढू नये, असं.

निगुडकरांचं काही बिघडलं नाही. नवी इमारत उठली. परिषदेच्या ग्रंथात ती जात आजही छापलेली आहे, मालकांच्या वडिलांच्या नावासकट. ब्याऐंशी साली ते निवृत्त झाले तेव्हा शाल दिली, श्रीफळ दिलं, त्या जातीचा उल्लेख करून भाषण झालं. ऐकणाऱ्यांत निदान तिघांना खरं माहीत होतं. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

सुमेधाची नोंदणी पंचाहत्तरच्या सप्टेंबरात रद्द झाली. कारण, ‘मार्गदर्शकाच्या सूचनांचे पालन न करणे.’ वर्षभर तिने काळेवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. प्रबंध निगुडकरांच्या कपाटातच राहिला, नमुने लॅबचे होते. तिच्याजवळ उरली ती फक्त कार्यक्रमाची कार्डं, कारण ती तिने स्वतः पाडली होती.

शहात्तरच्या जुलैत ती विद्यापीठात नव्याने नोंदणी करायला गेली. पुण्यातल्या एका कॉलेजातल्या बाई मार्गदर्शक व्हायला तयार झाल्या होत्या. माती पुन्हा जमवायची, नमुने पुन्हा काढायचे, सगळं पहिल्यापासून. खिडकीतल्या कारकुनाने अर्जावरून बोट फिरवलं आणि एका ओळीपाशी थांबवलं.

“पूर्वीची नोंदणी रद्द झाल्याचं कारण. इथे तुम्ही ‘सोबत जोडले आहे’ लिहिलंय. ही काय पोथी जोडलीय?”

“कारण आहे. सहा पानं आणि दोन तक्ते.”

“अहो बाई, एक ओळ दिलीय. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहा. सगळे तेच लिहितात. आजच्या आज काम होईल. हे जोडलंत तर समितीपुढे जाईल, चार महिने लागतील. कदाचित नाही म्हणतील.”

मागे रांग होती. कुणीतरी घड्याळ बघून चुकचुकलं. सुमेधाचे कान तापले, पण आता ते लपवायला मान खाली घालावी असं तिला वाटलं नाही.

“वैयक्तिक नव्हतं ते,” ती म्हणाली.

“मग चार महिने थांबा.”

“थांबते.”

कारकुनाने सुस्कारा सोडला, टाचणी शोधली, सहा पानं आणि दोन तक्ते अर्जाला टोचले आणि ओरडला, “पुढचे.” चारऐवजी सात महिने लागले. एम.एस्सी. झाली ती एकोणऐंशीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी.